धायाचा किल्ला, ओसाड जझिरा आणि नंदाताईंचं दगडी घर

“तुमच्याकडे दोनशे वर्षांपूर्वीचं काही आहे का गं, की सगळं परवाच बांधलेलं?”

नंदाताईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही अजमानच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत चहा पीत होतो आणि समोर तीन क्रेन एकाच वेळी गरगरत होत्या. त्यामुळे उत्तर द्यायला मला जरा अवघडच गेलं.

नंदाताई म्हणजे माझी मोठी नणंद. कॅनडात, ओंटारियोतल्या एका छोट्या गावात राहतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लढाईतून मोकळ्या झालेल्या सैनिकांना जमिनी देऊन इंग्रज सरकारने ते गाव वसवलं. मागोमाग स्कॉटलंडहून गवंडी आले आणि त्यांनी तिथल्याच चुनखडीच्या दगडात घरं उभी केली. हातभर जाडीच्या भिंती, खोल खिडक्या, छपराच्या दोन्ही टोकांना धुराडी. नंदाताई आणि त्यांचे यजमान विलासराव यांनी त्यातलंच एक पडीक घर घेतलं आणि वर्षानुवर्षं खपून राहण्यासारखं केलं. उन्हाळ्यात दर शनिवारी नंदाताई गावात येणाऱ्या पाहुण्यांना फिरवून जुन्या इमारती दाखवतात, हौसेने आणि फुकट. इतर बायका नातवंडांचे फोटो दाखवतात तसे त्या फोनवर कोर्टाच्या इमारतीचे, घोडागाडीचे घोडे बदलायच्या जुन्या खाणावळीचे आणि नदीकाठच्या गिरणीचे फोटो दाखवतात.

विलासराव दोन हिवाळ्यांपूर्वी गेले. तेव्हापासून नंदाताई त्या घरात एकट्या. माझ्या नवऱ्याने, म्हणजे समीरने, बहिणीच्या मागे एकच लकडा लावला होता: घर विक आणि पुण्याला ये, तिथल्या आमच्या फ्लॅटशेजारचा फ्लॅट रिकामा आहे. घराला गिऱ्हाईकही आलं होतं. त्यांना महिनाअखेरीस उत्तर हवं होतं. म्हणून तर जानेवारीत नंदाताई आमच्याकडे आल्या होत्या, निवांतपणे विचार करायला. पण विषय काढला की त्या म्हणायच्या, “बघू रे.” आणि भाजी चिरायला घ्यायच्या.

त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं ते आमच्या शेजारच्या नसीमाभाभींनी. भाभी मूळच्या मुरूडच्या, लग्न होऊन अजमानला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्या सांदणांचा डबा द्यायला आल्या होत्या. “रास अल खैमाला जा ना! तिथं अल जझिरा अल हमरा आहे. आख्खं गाव ओसाड. आमच्या जंजिऱ्याचंच नाव बघ, जझिरा म्हणजे बेट. फक्त संध्याकाळी थांबू नका हां, जिन्न असतात म्हणे.”

“जिन्न? ओह माय गॉड, वी आर गोइंग,” आमची चौदा वर्षांची इरा खोलीतून ओरडली. हेडफोन लावलेले असताना हिला नेमकं हवं ते कसं ऐकू येतं हे मला आजवर कळलेलं नाही.

अशी सहल ठरली. शनिवारी जायचं, एक रात्र रास अल खैमात राहायचं, रविवारी परत.

शनिवार: रास अल खैमा आणि धाया

अजमानहून मोहम्मद बिन झायद रोडने निघालात की उम्म अल क्वैन मागे टाकून तासाभरात रास अल खैमा येतं. रस्ता सरळसोट, आमच्या गाडीला वाटेत टोल लागला नाही. पेट्रोल मात्र अजमानमध्येच भरून घ्या आणि कॅमेऱ्यांकडे लक्ष ठेवा, वेगाची मर्यादा मध्येच बदलते. वाळू हळूहळू तांबूस होत जाते, मग उजव्या हाताला धुरकट डोंगर दिसू लागतात. दुबईच्या पलीकडे कधी न गेलेल्यांना हे डोंगर बघून धक्काच बसतो. नंदाताईंना बसला. “अगं, इथे डोंगर आहेत!” असं त्या कौतुकाने म्हणाल्या.

वाटेत चहाला थांबलो. रस्त्याकडेच्या कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवायचा, मग मल्याळी पोरगा खिडकीशी येतो. इथे चहाला करक म्हणतात. तो आपला कडकच, समुद्र ओलांडताना ड जरा घासला गेलाय. चार करक, दोन पराठे, अंडं भरलेले. समीरने पैसे दिले, मी सवयीने मनात रुपये केले, नंदाताईंनी मोठ्याने डॉलर केले आणि तिघांचं एकमत झालं की स्वस्त आहे.

शहरातलं संग्रहालय जुन्या किल्ल्यात आहे. पूर्वी तिथे राजघराण्याचं वास्तव्य होतं. तिकीट नाममात्र. आत वारा पकडायचा मनोरा आहे. छपरावर चार बाजूंनी उघडा असा चौकोनी बुरूज, कुठूनही झुळूक आली तरी तो ती खालच्या खोलीत उतरवतो. त्याच्याखाली उभं राहिलं की डोक्यावर गार हवा येते. विजेशिवाय! इरा तिथून हलेना. नंदाताई भिंतीला हात लावून बघत होत्या. त्यांची ती सवयच आहे. कुठल्याही जुन्या इमारतीत शिरल्या की आधी भिंतीला तळवा टेकवतात, मग बोलतात.

“आमच्याकडे भिंत जाड का, तर थंडी आत येऊ नये म्हणून. इथे जाड का, तर ऊन आत येऊ नये म्हणून. भिंत तीच.”

दुपारी मासळीबाजाराजवळच्या एका साध्या हॉटेलात जेवलो. तळलेली सुरमई, भात, लिंबू पिळलेला कांदा. मासा आपण काचेपलीकडून निवडायचा, वजन करून ते तळून देतात. आम्ही कोकणातले नसूनही त्या दिवशी झालो.

ऊन उतरल्यावर धायाकडे निघालो. शहरापासून उत्तरेला राम्स नावाचं मच्छीमारांचं गाव लागतं, त्याच्या जरा पुढे खजुराच्या बागा आणि त्यांच्या मधोमध उभा राहिलेला एक सुळका. त्याच्या माथ्यावर किल्ला आहे. डोंगराच्याच रंगाच्या मातीच्या विटांचा, त्यामुळे खालून बघताना आधी तो दिसतच नाही. तिकीट नाही, गर्दी नाही, वरपर्यंत चांगल्या पायऱ्या आहेत. पण चढ उभा आहे आणि वर सावली फारशी नाही, म्हणून जाणार असाल तर हिवाळ्यातच जा, दुपार टाळा आणि पाणी खालूनच घेऊन चढा. मी मधल्या वळणावर ‘देखावा बघायला’ म्हणून तीनदा थांबले. साठी ओलांडलेल्या नंदाताई इराच्या बरोबरीने वर पोचल्या आणि वरून मला हात करत होत्या.

वर गेल्यावर मात्र दम लागल्याचं विसरायला झालं. एका बाजूला उघडेबोडके डोंगर, खाली गडद हिरव्या खजुराच्या बागा, पलीकडे समुद्राची निळी पट्टी. किल्ला लहानसाच, दोन बुरुजांचा, आणि बराचसा नव्याने डागडुजी केलेला. पण जागा तीच. १८१९ साली इंग्रजांचं आरमार या किनाऱ्यावर चालून आलं तेव्हा खालच्या वस्तीतली माणसं बायकामुलांसकट इथे वर येऊन बसली होती. इंग्रजांनी जहाजांवरच्या अवजड तोफा ओढत आणल्या आणि या भिंतींवर डागल्या. मग शरणागती.

नंदाताई त्यांच्या शनिवारच्या आवाजात आम्हाला हे सांगत होत्या. आदल्या रात्री त्यांनी सगळं वाचून काढलं होतं. “आणि ते आरमार कुठून आलं होतं माहितीये का, इरा? मुंबईहून. नुसते गोरे नव्हते त्यात, मुंबई इलाख्यातल्या देशी पलटणी होत्या. म्हणजे आपल्या साताऱ्याकडची, कोकणातली पोरं या उन्हात तोफा ओढत असणार.”

“सो वी वेअर द बॅड गाइज?” इराने विचारलं.

“पगारी होतो,” नंदाताई म्हणाल्या. मग जरा थांबून, “गंमत बघ. साधारण त्याच वर्षांत त्याच इंग्रज राजाचे सैनिक आमच्या गावात बंदुका खाली ठेवून घरं बांधत होते. आणि इथे त्याचेच सैनिक तोफा लावून घरं पाडत होते.”

मला वाटलं, या बाईला हे गाव, ही भिंत, हे सांगणं यातून बाहेर काढून पुण्याच्या सातव्या मजल्यावर बसवायचं? पण माझ्याआधी बोलला तो समीर.

“ताई, त्या लोकांना काय कळवायचं?”

“इथे वर चढून आल्यावर विचारायचं होतं का हे?”

“मग कुठे विचारू? घरी विचारलं की तू भाजी चिरायला घेतेस.”

“बघू म्हटलं ना.”

“किती दिवस बघणार? जिन्यावरून घसरलीस ते आम्हाला किती उशिरा कळलं! उद्या काही झालं तर त्या बर्फात कोण येणारे तुझ्याकडे?”

“समीर, ते घर एकदा गेलं की परत मिळत नाही.”

“दाजीही परत येणार नाहीत, ताई.”

समीरचा चेहरा बोलल्याक्षणी पडला होता, पण शब्द तोंडातून गेलेला होता. नंदाताई बुरुजाच्या भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “चला, अंधाराच्या आत उतरू या.” त्या सगळ्यांच्या पुढे उतरू लागल्या. इरा धावत गेली आणि तिने आत्याचा हात धरला. आमच्याकडे ही पोरगी मराठीत एक वाक्य धड बोलत नाही, पण पायऱ्या उतरताना मला ऐकू आलं, “आत्या, इथे दगड आहे, सांभाळ.”

हॉटेल साधंच घेतलं होतं, खाडीकाठचं, स्वच्छ, नाश्त्यासकट. वीकएंडला भाव चढतात, तेव्हा आधी बुक करा. जेवताना नंदाताईंनी हम्मूस मागवलं, समीरने बहिणीच्या ताटात न विचारता जास्तीची रोटी ठेवली आणि तिने ती न बोलता खाल्ली. सख्ख्या भावंडांचं भांडण बाहेरच्याने मिटवायला जाऊ नये, हे मी लग्नानंतर लवकरच शिकले.

रविवार: अल जझिरा अल हमरा

परतीच्या वाटेवर, शहराच्या दक्षिणेला, हे गाव आहे. हमरा म्हणजे तांबडं. कधीकाळी भरतीच्या वेळी पाण्याने वेढलं जाणारं हे बेट, म्हणून तांबडा जझिरा. आता भोवती भराव घालून नवीन वस्ती झालीये, त्यामुळे नकाशा पाहत जाताना शेवटपर्यंत वाटतं की आपण चुकलो. किराणा दुकान, लाँड्री, शाळेची बस, आणि एका वळणावर एकदम मातकट भिंतींचं आख्खं गाव. आम्ही सकाळीच पोचलो. आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं. पायात बूट हवेत, कारण वाळूत जुने खिळे आणि शिंपले दोन्ही असतात.

मोती काढणाऱ्यांचं हे गाव. मोत्यांचा धंदा बुडाल्यावर, १९६८ च्या सुमारास, सगळी माणसं एकदम उठून अबूधाबीला गेली. घरं प्रवाळाच्या दगडांची! समुद्रातून काढलेले प्रवाळाचे तुकडे चुन्यात बसवून भिंती रचल्या आहेत. जवळ जाऊन पाहिलं की प्रत्येक दगडात मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते, मध्येच एखादा पूर्ण शंख. पावाच्या लादीसारखे हे दगड हलके, आणि आतल्या हवेमुळे खोली गार राहते. मशिदीला निमुळता, खाली रुंद आणि वर अणकुचीदार मिनार आहे, असा मी दुसरीकडे कुठेच पाहिलेला नाही. छोटा किल्ला, बाजाराची ओळ, एका व्यापाऱ्याचं वाऱ्याच्या मनोऱ्याचं ऐसपैस घर. काही इमारती दुरुस्त झाल्यात, काहींवर काम चालू आहे. बाकीच्या नुसत्या उभ्या आहेत, छपराशिवाय. आकाश थेट स्वयंपाकघरात उतरलेलं.

नंदाताई सकाळपासून गप्प होत्या. पण पहिल्या भिंतीला त्यांनी तळवा टेकवला, आणि मग एका दारातून दुसऱ्या दारात अशा हिंडू लागल्या की आम्हाला त्यांच्यामागे पळावं लागलं. त्या एका मोठ्या अंगणाच्या घरात शिरल्या आणि आतून आवाज आला, “ए! कौन है?”

इराने माझा दंड गच्च धरला. “मम्मा. जिन्न.”

आत जिन्न नव्हता. अंगणात सतरंजी पसरून एक वयस्कर इमिराती बाई बसल्या होत्या. काळा अबाया, चष्मा, पुढ्यात कॉफीचा थर्मास आणि खजुराचा डबा. शेजारी खुर्ची टाकून त्यांचा मुलगा फोनवर बोलत होता. आम्ही परत फिरायला लागलो तर बाईंनी हातानेच खूण केली. “आओ, आओ. बैठो. इंडिया? कौन सा इंडिया?”

“महाराष्ट्र. पूना,” नंदाताई म्हणाल्या.

“मेरा दादा बंबई जाता था. मोती बेचने.” त्यांचं हिंदी दुकानदारांकडून आणि सिनेमांतून आलेलं, भरभर आणि बिनधास्त. त्या उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई. फोनवर होता तो सालेम. त्यांचं घर अबूधाबीला. पण जन्म या घरातला. त्यांनी कोपऱ्यातली एक खोली दाखवली. तिला छप्पर नव्हतं. “उधर. मैं उधर पैदा हुई.”

छोट्या पेल्यांत वेलदोड्याची कॉफी आली. पेला हलवून दाखवला नाही तर ती पुन्हापुन्हा ओतली जाते. हे इथल्या लोकांना माहीत असतं, नंदाताईंना नव्हतं, त्यामुळे त्या पाचसहा पेले तरी प्यायल्या.

“यहाँ जिन्न है क्या?” इराने धीर करून विचारलं.

उम्म सालेम खो-खो हसल्या. “जिन्न! वो तो हम लोग बोला सबको. नहीं तो पब्लिक दरवाजा उठा के ले जाता.”

मग नंदाताईंनी विचारलं, गाव सोडताना वाईट वाटलं असेल ना? मला वाटलं, आता दोघी रडणार. पण बाई म्हणाल्या, “मैं छोटी थी. मैं तो बहुत खुश! उधर नल में पानी था, बिजली था. फ्रिज था! सब लोग एक साथ गया, खाला, चाचा, पड़ोसी, सब. तो क्या रोना?”

“फिर आप आती क्यों हैं?”

“घर को मिलने. हर सर्दी में.” त्यांनी वर पाहिलं. “मेरा बाप बोलता था दीवार गिरेगा. दीवार नहीं गिरा, देखो. छत गिरा. गर्मी के पहले हर साल माँ ऊपर चढ़ के मिट्टी लगाती थी. आदमी गया, छत गया.”

नंदाताई पेला हातात फिरवत राहिल्या. मग, समीर आणि मी दोघंही तिथे आहोत हे जणू विसरून, त्या परक्या बाईला तोडक्यामोडक्या हिंदीत सांगू लागल्या. त्यांचंही असंच पुराना घर आहे, पत्थर का. नवरा गेला. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तिथे त्याचं सुतारकामाचं सामान. जुन्या खिडक्या तो स्वतः दुरुस्त करायचा. तो गेल्यापासून त्यांनी वरचं हीटिंग बंद केलं, दार लावून घेतलं. “पिछली सर्दी में ऊपर का प्लास्टर गिरा. मैं नीचे बैठी थी. आवाज सुना. ऊपर गई नहीं.”

समीरने माझ्याकडे पाहिलं. आम्हाला हे ठाऊक नव्हतं.

“क्यों नहीं गई?”

“उसका सामान है.”

“तो सामान नीचे लाओ!” उम्म सालेम रागावल्याच. “अच्छा-अच्छा तुम रखो. बाकी किसी को दो, जो काम करेगा. फिर ऊपर आदमी रखो. लड़की लोग रखो, फैमिली रखो. कोई नहीं मिला तो बकरी रखो!”

आणि नंदाताई हसल्या. खळखळून, पेला खाली ठेवून, डोळे पुसत. इतक्या दिवसांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. उम्म सालेमही हसायला लागल्या, सालेमने फोनवरून मान वर करून काय झालं म्हणून पाहिलं, आणि त्याची आई त्याला अरबीत काहीतरी सांगू लागली. त्यात ‘बकरी’ तेवढं हातवाऱ्यांवरून कळलं.

निघताना त्यांनी उरलेला खजूर इराच्या हातात कोंबला आणि नंदाताईंना म्हणाल्या, “अगली सर्दी में आना. मैं यहीं मिलेगी, इन्शाल्ला.”

परतीची वाट

गाडीत बसल्यावर समीरने लगेच गाडी सुरू केली नाही. “ताई, काल मी दाजींबद्दल बोललो ते...”

“खरंच बोललास तू. म्हणून तर राग आला.”

मग रस्ता लागला, आणि उम्म अल क्वैन येईपर्यंत नंदाताई बोलत होत्या. गावच्या हॉस्पिटलात केरळच्या दोन नर्स नव्याने आल्यात. जवळपास जागा मिळत नाही म्हणून शेजारच्या मोठ्या गावाहून ये-जा करतात, बर्फात, पहाटेच्या ड्यूटीला. भारतीय मंडळींच्या एका कार्यक्रमात त्यांनी नंदाताईंना खोलीबद्दल विचारलं होतं. नंदाताईंनी उत्तर दिलं नव्हतं, कारण त्यासाठी वरचं दार उघडावं लागलं असतं.

“घर विकत नाही मी, समीर. आणि एकटीही राहत नाही. वरचा मजला त्यांना देते.”

“परक्या माणसांना घरात घेणार?” समीर म्हणालाच.

“बाबा,” मागून इरा, “वी हॅव बीन टेनंट्स माय होल लाइफ.”

गाडीत हशा पिकला. खरंच होतं. या देशात आमचं सगळं आयुष्य कुणा ना कुणाच्या घरात भाड्याने गेलंय. आमचा अजमानचा घरमालक दर ईदला मिठाई पाठवतो आणि इराच्या निकालाची चौकशी करतो.

समीरला पटलं असं मी म्हणणार नाही. पण थोड्या वेळाने त्याने विचारलं, “प्लास्टर कोण करेल? थंडीत चुना बसेल का?” तेव्हा मला कळलं की खलास, भांडण संपलं. माझा नवरा इंजिनीयर आहे, तो तपशिलात शिरला की मान्य झालं असं समजायचं. अजमान येईपर्यंत दोघं भावंडं चुना आणि सिमेंटवर वाद घालत होती.

आणि मग

तुम्ही जाणार असाल तर दोन गोष्टी सांगते. एका दिवसात दोन्ही जागा होतात, पण एक रात्र राहा. धाया संध्याकाळचा आणि जझिरा सकाळचा बघण्यात मजा आहे. आणि ओसाड घरात कुणी बसलेलं दिसलं तर घाईने परत फिरू नका, आधी सलाम करा. आम्हाला मी वर्णन केलंय त्याहून जास्त काहीतरी तिथे मिळालं, पण ते नकाशावर दाखवता येत नाही.

मी इथे पंधरा वर्षं राहतेय. इतकी वर्षं मीही सगळ्यांना सांगत आले की आमच्याकडे जुनं काही नाही, सगळं काचेचं आहे. आता बाल्कनीतून क्रेन दिसल्या की मला वाटतं, या इमारतींनाही कधीतरी कुणीतरी हिवाळ्यात थर्मास घेऊन भेटायला येईल. हसू येतं, पण वाटतं.

नंदाताई महिनाअखेरीस परत गेल्या. गिऱ्हाइकाला त्यांनी इथूनच नकार कळवला, आमच्या डायनिंग टेबलावर बसून, हसतमुखाने. मार्चमध्ये फोन आला. वरचं दार उघडलं होतं. पहिल्या दिवशी नुसत्याच जाऊन बसून आल्या, दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन गेल्या. विलासरावांचा रंधा आणि दोन पटाश्या ठेवून घेतल्या, बाकी हत्यारं गावातल्या एका सुताराला दिली. तोच आता जुन्या शाळेच्या खिडक्या दुरुस्त करतोय. वितळत्या बर्फात गवंडी आला. आणि एका रविवारी दोन नर्स, चार बॅगा आणि एक भलामोठा कुकर घेऊन हजर झाल्या. एकीचं नाव लिजी, दुसरीचं बिन्सी. त्यानंतरच्या फोनवर मागे भांड्यांचा आवाज, मल्याळममधली बडबड, आणि कुणीतरी जिन्यावरून धडधडत उतरत होतं.

“स्लोली!” नंदाताई ओरडल्या, मग आम्हाला म्हणाल्या, “दगडी जिना असता तर एवढा आवाज झाला नसता. लाकडी आहे.” तक्रार करताना एवढा खूश आवाज मी क्वचितच ऐकलाय.

इराने फोन हिसकावून घेतला. “आत्या, समर हॉलिडेजमध्ये आम्ही येतोय! आय वॉन्ट द रूम अपस्टेअर्स, द वन विथ द बिग विंडो.”

“ये ना, जरूर ये,” नंदाताई म्हणाल्या. “पण हॉलमध्ये झोपायला लागेल हं राणी. घर भरलंय.”